तुतीच्या एकोणीस खुंट्या

कुवा, २७ मार्च, बुधवार

प्रिय मस्तुरा,

पाकीट पाहून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही; या घरातून जाण्यासारखं जे होतं ते जानेवारीत गेलं, आणि मी स्वभावतः चिवट आहे. फोन करू शकलो असतो. पण तुमच्या कारखान्यात माग चालू असताना तुला काही ऐकू येत नाही, आणि माग बंद असतात तेव्हा तू नुसतं 'हं' म्हणतेस. त्या 'हं'चा अर्थ मी गेली सात वर्षं लावतो आहे. बावीस वर्षं ताश्कंदला संस्कृत शिकवलं, भल्याभल्या दुर्बोध ओळी सोडवल्या, पण या एकाक्षरी सूत्रावर भाष्य लिहिणं काही जमलं नाही. म्हणून हे पत्र. मर्गिलानला रोज फेरी मारणाऱ्या कोसिम टॅक्सीवाल्याच्या हाती देतो आहे. सोबत सुक्या जर्दाळूंची पिशवी आहे. पिशवीची गाठ सुटलेली दिसली तर त्याला काही बोलू नकोस, तो त्याचा हक्क आहे.

मुद्द्यावर येतो. मुद्दा डाळिंबांचा आहे. आपल्या दोघांत दुसरा मुद्दा असतोच कुठे? आबांना माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी तू निघालीस. दारात बसून बूट चढवत होतीस आणि मान वर न करता म्हणालीस, "मार्चच्या शेवटच्या शनिवारी येते. डाळिंबं उघडून देते. मग माझं इथलं काम संपलं, इनोयत." मी "बरं" म्हणालो. शोकाच्या घरात माणूस कशालाही बरं म्हणतो. तो शनिवार आता तीन दिवसांवर आला आहे, आणि त्याआधी तुला काही गोष्टी कळलेल्या बऱ्या. त्यातली पहिली अशी, की आबांच्या खुंट्या जागेवर नाहीत. एकसुद्धा नाही. एकोणीसच्या एकोणीस गेल्या.

तुझा चेहरा मला इथून दिसतो आहे. पण आधी ऐक.

परवा मी गेल्या नोव्हेंबरचे ते दोन दिवस आठवत बसलो होतो, थंडीत गोठू नयेत म्हणून डाळिंबं मातीखाली निजवायचे. आबा स्टुलावर, अंगात तो कापूस भरलेला जाड डगला, चापोन, पाय दोन विटांवर. शहाऐंशी वर्षांचे, पण आवाज असा की रस्त्यावरून जाणारी गाढवंसुद्धा थबकावीत. तू झाडाला छातीशी धरून, गुडघ्याने बुंधा दाबत, इंच इंच खाली आणत होतीस, आणि आबा ओरडत होते, "घाई नको, पोरी. नवरीची मान वाकवतात तशी वाकव. कडकडली तर संपलं!" मग फांद्या दोरीने बांधायच्या, वर पेंढा, त्यावर माती, आणि शेवटी मातीला फावड्याची पाठ मारून कासवाच्या पाठीसारखा गोल ढीग करायचा. लांबट ढीग आबांना चालत नसे. पाणी साचतं म्हणत. ढीग गोल झाला की आत झाड कुठल्या दिशेला निजलंय ते साक्षात ब्रह्मदेवालाही कळू नये. म्हणून तुतीची खुंटी. शेंडा जिकडे, तिकडे खुंटी. मार्चमध्ये फावडं त्या रेषेत चालवायचं, आडवं कधीच नाही. दुसऱ्यांच्या बागांत झाडं रांगेत असतात आणि एकाच बाजूला झोपतात. आपल्या आबांनी साठ वर्षांत जिथे जागा सापडली तिथे लावली, जर्दाळूंच्या मधे, कालव्याच्या काठाला, न्हाणीघराच्या मागे. प्रत्येकाची निजायची दिशा वेगळी. आणि या सगळ्यात माझं काम काय, तर आबा मधूनच मागे न पाहता म्हणत, "इनोयत, तू चहा कर." मी चहा करत असे. तू एकदा माझ्या हातून फावडं घेतलंस तेव्हा काय म्हणालीस ते आठवतं? "ठेव. तुझ्या हाताला खडूची सवय आहे, याला दुखेल." फावड्याला दुखेल म्हणालीस की झाडाला, हे मी विचारलं नाही.

शेजारच्या उमरी मावशीने त्या वेळी कुंपणावरून डोकं काढून आपला नेहमीचा प्रश्न टाकला होताच. "काय गं मस्तुरा, काडीमोड घेतलास तो नक्की कुणाशी? दर वर्षी येतेस ती!" तू हसलीस. उत्तर आबांनी दिलं. "तिनं याला सोडलंय, डाळिंबांना नाही." मावशी म्हणाली, "मग ठीक आहे, डाळिंबं तरी शहाणी आहेत." मी आत चहा गाळत होतो. मला सगळं ऐकू आलं. भिंती पातळ आहेत आपल्या, हे तुला माहीत असायला हवं. बावीस वर्षं तू इथे होतीस.

बावीस. हा आकडा लिहिल्यावर थोडा थांबलो. मी ताश्कंदला तेवढीच वर्षं शिकवलं. दोन्ही बावीस एकच, हे माझ्या लक्षात यायला मला फार वेळ लागला. लग्नानंतर मी दर उन्हाळ्यात म्हणत असे, पुढच्या वर्षी इकडे बदली मागतो, नाहीतर तुम्हा सगळ्यांना तिकडे नेतो. ते 'पुढचं वर्ष' म्हणजे क्षितिजासारखं होतं. जितकं चालावं तितकं सरकणारं. तू आईचं अंथरूण-पांघरूण केलंस, झुमरादला वाढवलंस, आणि आबांकडून डाळिंबं पुरायला शिकलीस. खरं तर ती विद्या बापाकडून मुलाकडे, म्हणजे माझ्याकडे यायची. मग आमचा विभाग बंद झाला. चार विद्यार्थ्यांसाठी कोण दिवा लावणार? मी दोन ट्रंका पुस्तकं घेऊन घरी आलो, आता कायमचा, असं मोठ्या आवाजात दारातूनच सांगितलं. आबा म्हणाले, "मेलेल्या माणसांची भाषा सुटली वाटतं. चला, आता जिवंत माणसांशी बोल." आणि तू महिन्याभरात तुझी ट्रंक भरलीस. भांडण नाही, आदळआपट नाही. म्हणालीस, "या घरात इतकी वर्षं एक माणूस कमी होता. आता तो आला. माझी पाळी संपली." मला त्या वाक्यात तर्कदोष शोधायचा होता. अजून सापडलेला नाही.

असो. खुंट्यांकडे वळतो.

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ वितळला तेव्हा मी बागेत गेलो, तर एकोणीस गोल ढीग आणि एकही खुंटी नाही. बाग अशी दिसत होती की मोठ्या कासवांची सभा भरली आहे आणि अध्यक्ष यायचे आहेत. उमरी मावशीने कुंपणावरून विचारलं, "खुंट्या कुठं गेल्या रे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या शेळीनं उपटल्या असतील." काय वाटून म्हणालो, देव जाणे. मावशीला ते लागलं. "माझी शेळी? ती तर पाव सुद्धा विचारून खाते!" पण तेव्हापासून तिने शेळीला बांधूनच ठेवलं. मी जाता-येता त्या शेळीची नजर चुकवत असे.

सरळ मार्ग हाच होता की तुझी वाट पाहावी. मावशी म्हणत होतीच, "मस्तुराला सगळ्या दिशा पाठ आहेत. ती येईपर्यंत मातीला हात लावू नकोस, पंडित." झुमरादनेही काझानहून फोनवर तेच सांगितलं. म्हणाली, "पप्पा, आईला सांगा ना सरळ. की त्याच्यासाठी पण ग्रंथ लिहायला लागतो तुम्हाला?" ही पोर तुझ्यावर गेली आहे. मी कुणाचंच ऐकलं नाही. सात मार्चला, मी शिकवतो ती इथली शाळा सुटल्यावर, फावडं घेऊन रस्त्याकडच्या दाराजवळच्या झाडापाशी गेलो. मनात पक्कं केलं होतं की या झाडाचा शेंडा कालव्याकडे असणार, कारण नोव्हेंबरात तू कालव्याकडे तोंड करून उभी होतीस. नंतर कळलं की तू झाड स्वतःकडे ओढून वाकवतेस, म्हणजे शेंडा तुझ्या पाठीकडे जातो. तिसऱ्या घावाला आतून आवाज आला. ओली फांदी तुटते तेव्हा आवाज मोठा नसतो, पण तो फावड्याच्या दांड्यातून खांद्यापर्यंत येतो. मनगटाएवढा एक बुंधा अर्धा कापला गेला होता. आत पिवळसर, ओला, अगदी जिवंत. मी तिथेच बसलो. मावशी आली, तिनं पाहिलं, आणि तिच्या तोंडून पहिल्यांदाच टोमणा निघाला नाही. ती फक्त म्हणाली, "चार बुंधे आहेत अजून. याला चिंध्या बांध." त्याने मला जास्त भीती वाटली.

त्या दिवशी फावडं खोपटात ठेवलं ते ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून हातांनी सुरुवात केली. हात, आणि आईचा तो लाकडी डाव, सूप वाढायचा. वरची माती आधी डावाने खरवडायची, पेंढा लागला की डाव बाजूला आणि बोटं. बोटांना पेंढ्याखाली साल लागते, थोडी गार, थोडी चिकट. मग तिच्या कडेने चाचपत जायचं. एखादं अतिप्राचीन हस्तलिखित साफ करावं तसं. तेवढं एक काम मला येतं. एका झाडाला एक अख्खी दुपार, सुटीच्या दिवशी दोन झाडं. मावशीचा टोमणा तोवर परत आला होता. "डाळिंब उघडतोयस की बाळाला न्हाऊ घालतोयस?" दुसऱ्या दिवशी, "संस्कृतात खणतोस का रे? म्हणून उशीर लागतो." गल्लीतले लोक सकाळी कुंपणापाशी थांबून हिशेब मांडू लागले, आज कितवं. शाळेतल्या पोरांनी मला 'मास्तर घूस' असं नाव दिलं आहे. ते मला माहीत नाही असा त्यांचा समज आहे, आणि तो मी जपतो.

आता तू म्हणशील, सात मार्च ही काय उघडायची वेळ आहे? कालव्यावरच्या तुतीला डोळे फुटेपर्यंत आबा मातीला हात लावू देत नसत. खरं आहे. पण माझ्यासारख्या नवख्याने एकोणीस झाडं शेवटच्या शनिवारच्या आत उघडायची तर सातला सुरू करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि त्याची शिक्षा एकोणीस तारखेला आली. दुपारपर्यंत ऊन होतं. चार वाजता वारा उत्तरेचा झाला, आणि आकाश पार स्वच्छ झालं; अशा रात्री सगळं गोठतं. रेडिओवर उणे पाच सांगत होते. अकरा झाडं उघडी पडली होती, चार महिन्यांची कोवळी झोप अंगावर असलेली. त्यात सातवं ते स्वयंपाकघराच्या दाराजवळचं, तू मर्गिलानहून माहेरची फांदी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं. पुन्हा वाकवून पुरायला वेळ नव्हता. आणि वाकवायला तू नव्हतीस.

मग मी रजयांच्या कोनाड्यापाशी गेलो. छतापर्यंत रचलेली तुझी ती चळत, जाताना तू एकही नेली नाहीस, "त्या घराच्या आहेत" म्हणालीस. मी खालून वरून सगळ्या काढल्या. पाहुण्यांच्या, रोजच्या, झुमरादच्या लहानपणीच्या, आबांची निळी. एकेका झाडाला गोळा करून दोरीने सैल बांधलं, वर रजई गुंडाळली, खाली कडेला विटा ठेवल्या. मावशी स्वतःच्या तीन रजया घेऊन आली आणि म्हणाली, "एवढी पाहुणेमंडळी झोपवतोयस, लग्न कुणाचंय?" पण बोलता बोलता तिने माझ्या चार गाठी सोडून पुन्हा बांधल्या, कारण मी फार आवळल्या होत्या. ऊन कलताना आम्ही वाऱ्याच्या बाजूला ओला पालापाचोळा आणि कापसाच्या पळाट्या पेटवल्या, ज्वाळा नको, धूर हवा म्हणून वर माती टाकली. शेजारची आणखी दोन घरं उठली, त्यांच्याही बागांतून धूर निघाला. सगळी गल्ली खोकत होती आणि एकमेकांना सल्ले देत होती. शेवटी तुझं झाड उरलं आणि रजया संपल्या. नाही, संपल्या नव्हत्या, एक होती. संदुकीच्या तळाशी, तुझ्या आईने दिलेली, लाल अतलस रेशमाची, घडीसुद्धा न मोडलेली. तू ती कधी का वापरली नाहीस हे मी तुला विचारलं नव्हतं. तुझा नवरा घरी राहायला आला की काढायची, असं काही तू मनात धरलं होतंस का, हाही विचार मला त्या दिवशी कोनाड्यात डोकं घालून उभा असताना प्रथमच आला. तीच तुझ्या झाडाला गुंडाळली.

सकाळी दहिवर गोठलं होतं. कुंपण, कालव्याचं गवत, शेळीचं दावं, सगळं पांढरंफटक. लाल रजई पत्र्यासारखी कडक झाली होती. उचलली तर उभीच राहिली. आत हात घातला. उबदार नव्हतं, पण गोठलेलंही नव्हतं. डोळे हिरवेच होते. जर्दाळूचा बहर मात्र यंदा गेला, निम्म्याहून जास्त काळा पडला. तुला कोसिमच्या हाती पाठवलेली पिशवी म्हणून जपून खा. दुसऱ्या दिवशी नवरोज होता. मावशीने सुमलकची, गव्हाच्या अंकुरांच्या त्या गोड खिरीची, वाटी आणून दिली, आणि म्हणाली, "पंडित, आबा असते तर शिव्या घातल्या असत्या. पण शिव्या घालून झाल्यावर तुझ्या हातचा चहा प्यायले असते." काल संध्याकाळी एकोणिसावं उघडलं, न्हाणीघरामागचं. कापलेल्या बुंध्याच्या झाडालाही चिंध्यांच्या वर दोन डोळे फुगले आहेत. एकोणीसच्या एकोणीस जिवंत आहेत, मस्तुरा.

आता शेळीच्या बाबतीत. शेळी निर्दोष आहे. खुंट्या मी काढल्या. आबा पहाटे गेले त्या दिवशी उणे बावीस होतं, गॅसची ज्योत मेणबत्तीएवढीही लागत नव्हती, सरपण अंगणात बर्फाखाली भिजून गोठलेलं. आंघोळ घालायला आलेले म्हातारेबुवा आतून दोनदा ओरडले, "पाणी कुठंय? माणूस थांबलाय!" मी बागेकडे पाहिलं, तर बर्फातून एकोणीस वाळलेल्या काठ्या वर आल्या होत्या. मला त्या खुंट्या म्हणून दिसल्याच नाहीत. लाकूड दिसलं. मी एकेक उपटून आणली, पाच-सहा फेऱ्या झाल्या असतील, आणि तुती छान पेटते, तुला ठाऊक आहे. आबांनी स्वतः तासलेल्या खुंट्यांवर आबांचं पाणी तापलं. नंतर गेलेल्याच्या मुलाने उभं राहायचं तसा, कंबर बांधून, हातात काठी घेऊन दारात उभा राहिलो, लोक येऊ लागले, आणि दहाच्या सुमारास तू आलीस. सगळे रडत आत जात होते. तू उंबऱ्यात थांबलीस, वास घेतलास आणि हळूच विचारलंस, "तुती कुणी जाळली?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक." त्या एका दिवसात मी जन्मभराची दोन्ही कामं केली, बापाचं शेवटचं पाणी तापवलं आणि तुझ्याशी खोटं बोललो. मावशीला मी कालच खरं सांगितलं. ती उठून गोठ्याकडे गेली आणि शेळीला सोडताना तिला म्हणाली, "बघ गं, शिकलेल्या माणसापासून लांब राहा."

तर शनिवारचं. मी लाजेपोटी खणलं असं तुला वाटेल. मलाही पंधरा दिवस तसंच वाटत होतं. तसं नाही. तू म्हणाली होतीस की उघडून देते आणि मग काम संपलं, आणि मला ते शेवटचं काम तुझ्यासाठी शिल्लक ठेवायचं नव्हतं. आता उघडायला काही उरलेलं नाही. प्रत्येक झाड कुणीकडे निजतं ते मी वहीत काढून ठेवलं आहे, नव्या एकोणीस खुंट्या तासून झाल्या आहेत, नोव्हेंबरात मावशीचा जावई गुडघा लावायला तयार आहे. म्हणजे माझ्याच हातांनी मी पायावर धोंडा पाडून घेतला आहे. या घरी यायचं तुझं एकही कारण मी ठेवलेलं नाही. पण खणताना रोज एकच गोष्ट डोक्यात येत होती. तू पहिल्यांदा या दारातून आलीस तेव्हा आई अंथरुणावर होती. मग झुमराद, मग आबा, मग डाळिंबं. इतक्या वर्षांत या घरी तू एकदाही नुसती बसायला आली नाहीस, आणि कुणी तुला तशी बोलावलीही नाही, मी तर नाहीच. म्हणून हे पत्र. शनिवारी ये. काम काही नाही. लाल रजई अजून दोरीवर वाळते आहे, तीसुद्धा मीच आत घेईन, तू हात लावायचा नाहीस. जर्दाळूखाली गालिचा टाकतो. तू टेकून बस, चहा मी करतो, आणि वाटलं तर पाचच्या बसने परत जा. हो की नाही ते कोसिमपाशी सांग. नुसतं 'हं' म्हणालीस तरी चालेल; यंदा मी त्याचा अर्थ न लावता गालिचा झटकून ठेवेन.

तुझाच (हा शब्द लिहायचा अधिकार सात वर्षांपूर्वी गेला हे मान्य, पण त्या जागी बसेल असा दुसरा शब्द मला अजून एकाही भाषेत सापडलेला नाही),

इनोयत